कोविडची अ‍ॅप्स लोकांनी नाकारली की त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत?

अर्धवटराव_नाही_बाई: एक असाइनमेंट लिहितेय, महासाथीतल्या डिजिटल हेल्थवर, म्हणजे ट्रेसिंगची अ‍ॅप्स (कोविड झालेल्याच्या जवळ कोण आलं होतं ते शोधणारी), व्हिडिओवर डॉक्टर, लसीची ऑनलाइन नोंदणी वगैरे. जिथे बघावं तिथे "विश्वास नव्हता म्हणून लोकांनी वापरलं नाही". पण माझ्या आजीने अ‍ॅप घेतलं नाही ते काय प्रायव्हसीच्या काळजीने? बटणांचा फोन आहे तिच्याकडे! तिला कुठल्या खान्यात टाकू?

जुना_हँडसेट: स्मार्टफोन असून तरी कुठे भागत होतं. गूगल आणि अ‍ॅपलने मे 2020 मध्ये मिळून ट्रेसिंगच्या अ‍ॅप्ससाठी जी सिस्टिम काढली तिला आयफोनवर आयओएस 13.5 लागायचं, आयफोन 6 वर ते चढतच नाही. त्या जुन्या फोनांची सोय झाली थेट डिसेंबरात. मधले सात महिने हे लोक हिशोबात कुठे होते, तर "न वापरणारे".

शंकेखोर: थांबा, विश्वासाचा मुद्दा एवढ्यात उडवू नका. सिंगापूरने आपल्या ट्रेसटुगेदर या ट्रेसिंग अ‍ॅपच्या जोडीला 2020 मध्येच फोनशिवाय तेच काम करणारं छोटं ब्लूटूथ टोकन काढलं, आधी म्हाताऱ्या माणसांना दिलं, खिशात टाकायचं, रोज चार्ज करायची भानगड नाही. म्हणजे फोन नसण्याचा प्रश्न सुटला ना? आणि जानेवारी 2021 मध्ये संसदेत कळलं की गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना तो डेटा मागता येतो, आधी सांगितलेलं फक्त ट्रेसिंगसाठी म्हणून! लोक चिडले, मग घाईघाईने कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरतं ठेवलं. नॉर्वेत तर डेटा संरक्षणवाल्यांनीच हरकत घेतली आणि जून 2020 मध्ये अ‍ॅप थांबवून गोळा केलेला डेटा पुसला. तर शंका घेणारे सगळे अडाणी नसतात.

रात्रपाळी: मी तेव्हा व्हिडिओ कॉलवर पेशंट बघायचे. एका बाईंना झोप येत नव्हती. फोन नवऱ्याचा, कॅमेरा नीट यावा म्हणून धरूनही तोच उभा. मी विचारलं घरात काही त्रास आहे का, तर त्यांनी आधी फोनच्या वर बघितलं, मग म्हणाल्या नाही, सगळं छान. आमच्या नोंदीत हा कॉल "यशस्वी".

आणि हो, लोकांना काय वाटतं याचे सर्व्हे बरेचसे ऑनलाइनच झाले तेव्हा, ते कोणी भरले हे बघून घे, आजी त्यात नसणार.

अर्धवटराव_नाही_बाई: रात्रपाळी, "फोनच्या वर बघितलं" वाचून गप्पच झाले. शंकेखोर, तुमचं टोकन आत्ता आजीला समजावून सांगितलं, मिळालं असतं तर ठेवलं असतंस का विचारलं. म्हणाली, "ओटीपी लागतो का त्याला?" नाही म्हटलं. "मग ठेवलं असतं की."

पोलिसांचं सांगायचं राहिलंय अजून.