मन आपलं आपणच सावरतं का? तुमचे अनुभव लिहा

माळवद: परवा शेजारच्या प्लॉटवर पायलिंग सुरू झालं, रात्री बारापर्यंत धाड धाड. मांडणीतल्या वाट्या वाजल्या आणि मी कूस बदलून परत झोपले. सकाळी दात घासताना ट्यूब पेटली, अरे, आपण उठून पळालो नाही! लातूरकडच्यांना कळेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारीचा भूकंप. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले. दगड-मातीचं घर, हातभर रुंद भिंती, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, सगळं आत बसलं. आम्ही अंगणात झोपलेलो म्हणून वाचलो, काका-काकू गेले. मी ८ वर्षांची.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पोरं एकच खेळ खेळायचो, भूकंप-भूकंप. पत्र्याच्या तुकड्यावर खापऱ्या रचून घर करायचं, आत चिंचोक्यांची माणसं झोपवायची, एकाने पत्रा हलवायचा, घर पडलं की ओरडत उकरायचं. मोठ्यांना बघवायचं नाही, वडलांनी एकदा लाथेने सगळं उडवलं. आजी म्हणाली, "खेळू द्या लेकरायला, पोटातलं बाहेर पडायलंय त्यांच्या." सुरुवातीला सगळे चिंचोके मेलेलेच निघायचे. मग एखादा वाचायला लागला, मग दोन-तीन. दिवाळीनंतर कधीतरी ठरलं की चिंचोक्यांना अंगणातच झोपवायचं. मग घर पडून उपयोग काय, खेळाची मजाच गेली, आम्ही विटीदांडूला लागलो. हे आम्हाला कोणी शिकवलं होतं?

अर्धाचहा: बाप रे. चिंचोक्यांचं वाचून काटा आला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

घाटमाथा_७२: माझं स्वप्नांचं आहे. खंबाटकीत आमच्या एसटीला अपघात झालेला, मला फक्त खांद्याला लागलं पण शेजारचा माणूस गेला. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी तेच स्वप्न, बस वळणावर आणि पुढे रस्ताच नाही, घामाघूम. पाच-सहा महिन्यांनी स्वप्नात बसमध्ये आमचे शाळेतले पीटीचे सर चढले, का ते विचारू नका, मग एकदा कंडक्टरने बेल मारली आणि बस हळू झाली, आणि शेवटचं म्हणजे ड्रायव्हर चक्क गाडी बाजूला लावून चहा प्यायला उतरला!! मी पण उतरलो, भजी खाल्ली. त्यानंतर ते स्वप्न नाही.

अर्धाचहा: भजी कसली होती?

घाटमाथा_७२: कांदा. गरम नव्हती.

तिसरीघंटा: मी समुपदेशक आहे म्हणून राहवत नाही. मुलांचं असं खेळणं नेहमी दिसतं, आणि माळवद, तुमच्या खेळाचा शेवट बदलत गेला ही फार चांगली खूण. तोच तोच शेवट महिनोन् महिने राहिला तर काळजी. मी ईएमडीआर करते, म्हणजे नजर इकडून तिकडे फिरवत त्रासदायक आठवणींवर करायचा मानसोपचार. ते फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना सुचलं, नजर इकडून तिकडे फिरत असताना त्रास देणारे विचार बोथट होताना त्यांना जाणवले. त्यामागची कल्पना हीच की मन स्वतःहून बरं व्हायलाच बघतं, कुठे अडकलं तर तेवढी अडगळ काढायची. बाकी मोठा धक्का बसला की लगेच "बोल, बोलून मोकळा हो" म्हणून मागे लागू नका. जेवण, झोप, ओळखीचं माणूस जवळ, आधी एवढंच.

खडूसकाकू: माफ करा, जरा कडू लिहिते. "मन आपोआप सावरेल" म्हणत आमच्याकडे दिराला ४ वर्षं डॉक्टर दाखवला नाही. सासूबाई म्हणायच्या, वेळ हेच औषध. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांत माणूस पेपर वाचायला लागला. प्रत्येकाचं मन चिंचोके नाही वाचवू शकत हो.

माळवद: नाही नाही काकू, कडू कसलं. माझे वडील आजही काँक्रीटच्या छताखाली झोपत नाहीत, गच्चीवर खाट, पावसाळ्यात जिन्याखाली. त्यांनी कुठे खेळ खेळला. त्यांच्याच भावाला त्यांनी उकरून काढलेलं.

खडूसकाकू: अगं... आता कसे आहेत?

माळवद: बोलत नाहीत त्यावर. नातवाशी पत्ते खेळतात.

तिसरीघंटा: काकूंचं अगदी बरोबर. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माळवद, वडील फोनवर नाही बोलले तरी तुम्ही लावून विचारू शकता.

दूरदेशी: न्यू जर्सीहून. बाबा २०२१ मध्ये गेले, कोविडमुळे मला येता आलं नाही, सगळं व्हिडिओ कॉलवर. मला रडूच आलं नाही. दीड वर्षाने त्यांचा जुना स्वेटर उसवून लोकर गुंडाळत बसले आणि तिसऱ्या गुंड्याला जे सुरू झालं ते रात्री दोनपर्यंत. मला तर विणता पण येत नाही.

अर्धाचहा: गुंडे जपून ठेव गं. (आमटी करपली माझी, हा धागा वाचताना.)

घाटमाथा_७२: करपलेल्या आमटीत थोडं दूध घाला.

खडूसकाकू: दूध??? कोणी शिकवलं तुम्हाला?

घाटमाथा_७२: पीटीच्या सरांनी.

माळवद: :ड आत्ता बाबांना विचारलं, चिंचोके आठवतात का. म्हणाले, "लाथ मारली होती मी." आणि परत पत्ते पिसायला लागले.