विषय: कॉलेजच्या मुलांसाठी प्रार्थना आणि डिसेंबरचं जेवण

प्रेषक: रूथ
सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त,

बॉस्टनमधल्या आमच्या शुक्रवारच्या बायबल अभ्यासाला कॉलेजची मुलं येतात. कुणी नगर-सोलापूरच्या ख्रिस्ती घरातलं, कुणी बायबल कधीच न उघडलेलं. विश्वासणाऱ्यांनी या मुलांसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करावी. आणि धर्म कोणताही असो, ज्यांना जमेल त्यांनी डिसेंबरच्या सुट्टीत त्यांना घरी जेवायला बोलवावं. तेव्हा मेस बंद असते, वसतिगृह ओस पडतं. नुसत्या मॅगीवर दिवस काढणारी पोरं फोनवर आईला "पोटभर जेवलो" सांगतात, ते ऐकवत नाही.

आमची प्रार्थनावही आहे. डावीकडे नाव, उजवीकडे गरज: "आईची अँजिओप्लास्टी", "गाइड भेटतच नाहीत", "इंटर्नशिप नाही". त्या मुलाला विचारल्याशिवाय नाव लिहीत नाही.

रूथ

प्रेषक: वसंतकाका
रूथ, स्पष्ट विचारतो, राग मानू नकोस. मुलं घरापासून लांब, एकटी. जेवणाच्या निमित्ताने त्यांच्यावर धर्माचं दडपण येत नाही ना?

प्रेषक: रूथ
काका, राग कसला? विचारायलाच हवं होतं. प्रभू येशूविषयी मी बोलते आणि ते लपवत नाही. शुक्रवारच्या निमंत्रणात "बायबल अभ्यास" हे पहिल्याच ओळीत असतं. जेवण वेगळं, त्याला कसलीही अट नाही. एअरपोर्टवरून आणलेला मुलगा पुन्हा फिरकला नाही, तरी आजारी पडल्यावर त्याला डॉक्टरकडे आम्हीच नेतो. एकटेपणाचा फायदा घेऊन कुणाला विश्वासात ओढलं, तर तो विश्वास टिकणार नाही आणि ते प्रभूलाही आवडणार नाही.

या कामावर माझा इतका जीव का, तेही सांगते. १८०६ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची पाच मुलं शेतात प्रार्थनेला जमली होती. वादळ आलं म्हणून ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथे त्यांनी परदेशी सेवेसाठी प्रार्थना केली. त्या चळवळीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचले, मराठी शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी राबले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. पुढे १८३१ मध्ये त्याच बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. माझी पणजी तिथल्याच मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवायला शिकली. विशी-बाविशीतल्या मुलांच्या प्रार्थनेला कुणी किरकोळ म्हटलं, तर मला पटत नाही.

प्रेषक: वसंतकाका
पटलं. २५ तारखेला तुम्ही सगळे उपासनेत असाल. ज्या मुलांना चर्चमध्ये यायचं नाही, त्यांना दुपारी माझ्याकडे पाठव. चौघांची सोय होईल, स्वयंपाक शाकाहारी. गाडी कोण आणणार, तेवढं कळव.