ट्रंकेतला बिगुलाचा बिल्ला, '५ मराठा' पट्टी आणि लाल कोंबडा : हे कोणत्या काळातलं?

संगमेश्वरकर
नमस्कार मंडळी. गावचं घर आवरताना माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. कागद सगळे वाळवीने खाल्लेत, पण एका फडक्यात तीन वस्तू नीट राहिल्या आहेत. एक पितळी बिल्ला आहे. त्यावर दोरी बांधलेलं बिगुल आणि वर मुकुट, मागे दोन कड्या. दुसरी खांद्यावरची कमानदार पट्टी, तिच्यावर इंग्रजीत ५ आणि खाली मराठा. स्पेलिंग मात्र वेगळंच, मध्ये एच आणि पुढे दोन टी. तिसरा कापडी तुकडा, पिवळ्या गोलात लाल कोंबडा.
आजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला होते असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मग हे १९१४-१८चं समजायचं का? बिल्ला काळा पडलाय, घासून लख्ख करून फ्रेम करायचा वडिलांचा विचार आहे.

पितळी बटण
सर्वांत आधी वडिलांना फोन करा आणि घासू नका म्हणावं. चिंच नको, पितांबरी नको, ब्रासोही नको. शिपाई रोज पॉलिश करायचा, त्यामुळे खऱ्या वापरलेल्या बिल्ल्याचे उंचवटे गुळगुळीत झालेले असतात आणि खाचांमधलं काम धारदार राहिलेलं असतं. हा फरक म्हणजे त्या माणसाच्या नोकरीची खूण. आपण आज एकदा जोरात घासलं की ती खूणही जाते आणि खरं-खोटं ठरवायचा मोठा पुरावाही जातो. हिरवा कळंक धरला असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटका, सुती कापडात ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात नको.

आता काळाचं बघू. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची खूण आहे, एकट्या मराठ्यांची नव्हे. ब्रिटिशांच्या डरहॅम, ऑक्सफर्डशायर अशा पलटणींच्या बिल्ल्यांवरही बिगुलच असायचं आणि त्यातल्या कित्येक हिंदुस्थानात तैनात होत्या. त्यामुळे जुन्या बाजारात बिगुल दिसलं की 'मराठा' म्हणून विकलं जातं. तुमच्याकडे पट्टी आहे म्हणून बरं, कारण खरं बोलतो तो आकडा.

१९०३ साली सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत मुंबई फौजेच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले. ३ची १०३ झाली, ५ची १०५, १०ची ११०, १७ची ११७. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला उतरलेला मराठा शिपाई या शंभरीतल्या आकड्याचा असायचा. १९२२मध्ये या पलटणी एकत्र करून ५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि १९४५ला तो ५ही गेला. म्हणजे नुसता ५ आणि एच असलेलं स्पेलिंग असलेली तुमची पट्टी १९२२च्या आधीची असूच शकत नाही.

मुकुटाने हीच मर्यादा दुसऱ्या बाजूने बांधली जाते. कमानी वर गोल फुगलेल्या असतील तर तो १९०१ नंतरचा राजाचा मुकुट. आपल्याकडे तो २६ जानेवारी १९५०पर्यंत चालला, मग अशोकस्तंभाचे सिंह आले. स्वातंत्र्य मिळाल्याच्या दिवशी मुकुट उतरले असं पुष्कळांना वाटतं, तसं झालं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आनंद कोंबड्याचा झाला. ती पलटणीची नव्हे, डिव्हिजनची, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेल्या मोठ्या तुकडीची खूण. २३वी इंडियन डिव्हिजन, उभारणी १९४२. तिच्या ४९व्या ब्रिगेडमध्ये ५व्या मराठाच्या दोन बटालियन होत्या, ४थी आणि ६वी. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या संगशाकला जपान्यांना अडवून धरलं त्यात ४थी होती. आणि युद्ध संपल्यावर ही ब्रिगेड गेली जावा बेटावर, सुराबायाला, तिथे ऑक्टोबर १९४५मध्ये फार वाईट लढाई झाली. आजोबांच्या तोंडी 'जावा' हा शब्द घरात कुणी ऐकलाय का? ज्येष्ठांना लगेच विचारा.

रविवारचा जुना बाजार
काका, मीही एक बिल्ला दाखवतो. पुण्यात घेतला. बिगुलाच्या मध्ये १०३, वर मुकुट, पण त्याच्या कमानी मधोमध दबलेल्या आहेत. विकणारा म्हणाला, राणी व्हिक्टोरियाच्या वेळचा, म्हणून महाग.

पितळी बटण
दादा, तो आकडा आणि तो मुकुट एका बिल्ल्यावर नांदत नाहीत. १०३ हा क्रमांकच १९०३चा, व्हिक्टोरिया गेली १९०१ला. कमानी दबलेला दुसरा मुकुट एलिझाबेथचा, १९५३ नंतरचा, तेव्हा आपण प्रजासत्ताक होतो आणि १०३वी इतिहासजमा होऊन तीस वर्षं झाली होती. हा मागाहून केलेला माल आहे.
खात्रीसाठी उलटा करा. खरा बिल्ला बहुतेकदा पत्र्यावर ठसा मारून केलेला असतो, त्यामुळे पुढचं चित्र मागे खोलगट उमटलेलं दिसतं. ओतीव नकलेची पाठ बहुतेकदा सपाट, बारीक छिद्रांची, वजन जास्त, आणि बिगुलाच्या दोरीचे पीळ लोण्यासारखे मऊ. पैसे देण्याआधी पाठ बघायची.

फौजी सातारकर
संगमेश्वरकर, आजोबांचा नंबर कुठे सापडला तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. पेन्शनचा कागद, मनिऑर्डरची पावती, काहीही चालेल. नुसत्या नावावर शोधणं अवघड, एकेका नावाचे ढीगभर शिपाई असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

संगमेश्वरकर
घासणं थांबवलंय! आत्याला फोन केला. ती एकदम म्हणाली, "अरे, जावाहून दादांनी माझ्या आईला लुगडं आणलं होतं." दादा म्हणजे आमचे आजोबा. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बसऱ्याला गेलेले आजोबा नव्हेत, त्यांचे वडील, असं ती म्हणते. चुलत्यांकडे 'घोड्यावरच्या उघड्या माणसाचं' चांदीचं गोल नाणं आहे, मुलं त्याच्याशी खेळायची, ते पणजोबांचं.

पितळी बटण
ते नाणं नव्हे, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. चांदीचं असेल तर पणजोबा लढणारे शिपाई असणार, कारण सोबतच्या मजुरांना आणि इतर बिनलढाऊ नोकरांना तेच पदक काशाचं मिळायचं.
चुलत्यांना सांगा, कड उजेडात तिरपी धरा. तिच्यावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. मुलांच्या हातात झिजली असेल तर पातळ कागद गुंडाळून वरून पेन्सिल हलकी फिरवा, अक्षरं उठतात. ११७ निघालं तर पणजोबांची पलटण इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होती, जिथे २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. १०३ किंवा ११० निघालं तरी तेच. ११४ किंवा ११६ असेल तर गोष्ट वेगळी. जे वाचता येईल ते अक्षर न् अक्षर इथे लिहा, अर्धवट असलं तरी. आणि आत्याला जावाबद्दल अजून काय आठवतंय ते याच आठवड्यात बसून लिहून घ्या.