गाणं जसंच्या तसं म्हणलं तरी "गाणं राहिलं" म्हणले, म्हंजे नेमकं काय राहिलं?

परभणीकर_गळा
रामराम मंडळी. गणपतीत कराओके ट्रॅकवर "माझे माहेर पंढरी" म्हणलो. भीमसेनजींचं रेकॉर्डिंग दोन महिने ऐकून पाठ केलतं, तान कुठं, दम कुठं, समदं. टाळ्या बी लई पडल्या पण खाली उतरलो तर गल्लीतले पेटीवाले काका म्हणले, नक्कल झकास झाली रे, गाणं राहिलं. तवापासून डोक्यातून जाईना. सूर, ताल, शब्द बरोबर, मग राहिलं काय? दोन-चार हरकती, म्हंजे सुरांच्या छोट्या फिरक्या, सोताच्या टाकायच्या का?

सेलूचा_तबला
हरकती नका टाकू दादा, त्यानं गाणं आपलं होत नसतं, नुसतं वळवळतं. अभंग संत एकनाथांचा, चाल राम फाटकांची, हे दोन्ही सगळ्यांना मोकळं. पण कुठं थांबायचं अन् कोणत्या शब्दावर वजन टाकायचं हे भीमसेनजींनी ठरवलेलं, तुमी तेच पाठ केलं. अन् ट्रॅक काय थांबत नसतो, तुमाला "बहीण" वर जरा रेंगाळावं वाटलं तरी तो गेला पुढं. भजनात पखवाजवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघून वाजवतो. एकदा ट्रॅक बंद करून नुसतं बोलून बघा, कुणाला सांगितल्यासारखं.

लातूरची_सून
मला रागातलं काही कळत नाही पण नाथ पैठणचे, पुरुष माणूस, अन् माहेर म्हणायलेत, आणि शेवटाला "करी माहेरची आठवण", म्हणजे ते तिथं पोचलेले नाहीत ना, लांबूनच बोलायलेत. आमच्या भजनात एक मावशी आहेत, आवाज फाटका, आईवडील जाऊन लई वर्षं झाली. "बाप आणि आई" ला सगळे आवाज चढवतात, ह्या एकदम बारीक करतात, शेजारणीला सांगितल्यागत. सूर हलतो कधी कधी, खोटं कशाला बोलू. पण टाळ वाजवणाऱ्या बायांचे हात आपोआप हळू होतात.

बँडवाला_नांदेड
हे सगळं ठीकय, पण लग्नात जरा वेगळं म्हणा बरं, लगेच "ओरिजनल असं नाही" म्हणत पुढं येतात. पैसे नकलेचेच भेटतात भाऊ.

सेलूचा_तबला
@बँडवाला_नांदेड हाव, पोटाचं वेगळं. प्रश्न काकांच्या बोलण्याचा होता.

परभणीकर_गळा
काल बोलून बघितलं. दुसऱ्याच ओळीला अडकलो, "भिवरेच्या तीरी". दोन महिने घसा फोडून म्हणायलो अन् भिवरा म्हंजे काय हेच माहीत नव्हतं, एखादं गाव असंल वाटायचं. आईला विचारलं तर हसली, म्हणली भीमा नदी रे, पुढं चंद्रभागा म्हणतोस ती बी तीच. उद्या काकांकडं जायलोय, ट्रॅक न नेता.