मुलांच्या शिबिरात रानातला मुक्काम हवा का?

रानवाट
उन्हाळी शिबिराला मुलं पाठवणारे बरेच पालक म्हणतात, "गाठी, तंबू, होकायंत्र सगळं शिकवा, पण रात्री रानात नेऊ नका." मला हे अजिबात पटत नाही.

माझी लेक दहाव्या वर्षी शिबिराच्या मैदानावर तंबू उभारायला शिकली. पुढच्या वर्षी दोन रात्रींच्या भटकंतीत मध्यरात्री वारा सुटला आणि तिच्या तंबूच्या दोन खुंट्या उपटून आल्या, कारण सरळ ठोकलेल्या. टॉर्च तोंडात धरून तिने आणि मैत्रिणीने त्या पुन्हा ठोकल्या, या वेळी खुंटीचं डोकं तंबूच्या उलट बाजूला झुकवून. मैदानावर हे तिला तीनदा सांगितलं होतं. कळलं त्या रात्री. १९०७ साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हाही वीसेक मुलं आठवडाभर तंबूतच राहिली होती. ही विद्या वर्गात बसून येत नाही.

दोन लेकरांची आई
लेकीचं कौतुकच, पण साफ असहमत. वारा होता म्हणून निभावलं. वीज असती तर? तंबू विजेपासून वाचवत नाही. चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही, असा साधा नियम आहे. रानात इमारत कुठून आणणार?

माझा मुलगा अशाच एका सहलीहून दोन्ही टाचा सोलवटून आला. बूट नवे होते, "थोडंच राहिलंय" म्हणत त्याला चालवत नेलं. मोजे काढताना कातडी मोज्याबरोबर निघाली. सोबतचा दादा स्वतःच एकोणीस वर्षांचा. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याच्या गळ्यात वीस मुलं बांधणाऱ्यांना देते.

मोहीम-दादा
काही वर्षं मुलांच्या तुकड्या नेल्यात, म्हणून लिहितोय. ताई, टाचेचं वाचून राग आला. टाच चुरचुरायला लागली की फोड यायच्या आत सगळ्या तुकडीने थांबायचं, बूट काढायचा, चिकटपट्टी लावायची. दोन मिनिटांचं काम आहे! विजेचं म्हणाल तर हवामान बघून निघायचं आणि माघारी फिरायची वेळ आधीच ठरवायची. एकदा ढग भरून आलेले बघून शिखर अर्ध्या तासावर असताना मी तुकडी परत फिरवली. दोन मुलं रडली. माघार कधी घ्यायची, हे मैदानावर कसं शिकवणार?

रानवाट, भांडण तुमच्याशीही आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की पुढे एक मिनिट उकळायचं (२००० मीटरच्या वर तीन मिनिटं). शौचाचा खड्डा साधारण वीतभर खोल, पाण्यापासून ६० मीटर लांब. वाट चुकलीशी वाटली की एका झाडापाशी बसून राहायचं आणि शिट्टी वाजवायची. हे आवारातच इतकं घटवून घ्यायला हवं की झोपेत विचारलं तरी सांगता यावं. ज्याचं ते झालेलं नाही, त्याला मी रानात नेत नाही.

दोन लेकरांची आई
तुमच्यासारखं कुणी सोबत असेल तर विचार करेन. मी शिबिरवाल्यांना विचारलं होतं की प्रथमोपचार कोणाला येतात, जवळचा दवाखाना किती वेळावर आहे. उत्तर आलं, "काळजी करू नका." एवढ्या उत्तरावर मूल हवाली करणार नाही.

रानवाट
अशांकडे मीही पाठवणार नाही. पण म्हणून मुक्कामच बंद करा, हे अजूनही पटत नाही.

दोन लेकरांची आई
आणि ज्या मुलाला जायचंच नाही? माझी धाकटी अंधाराला घाबरते. सगळे गेले आणि ती एकटी मागे राहिली, तर ती तिला शिक्षाच वाटेल.

मोहीम-दादा
तिला आधी आवारातच एक रात्र तंबूत झोपू द्या, स्वयंपाकघराचा दिवा दिसेल इतक्या अंतरावर. मध्यरात्री आत यावंसं वाटलं तर यायचं, आणि सकाळी कुणी त्यावरून एक शब्द बोलायचा नाही.