निसर्ग वादळात आडवी झालेली वाडी, पाच वर्षांनी विकायची की परत लावायची?

घणसोलीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

मी राहतो घणसोलीला, गाव श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनपासून जवळ, नाव लिहीत नाही कारण अर्धा गाव इथे वाचतो. घरामागे 20 गुंठे वाडी, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आजोबांच्या वेळची, सामाईक, सातबाऱ्यावर 11 नावं, त्यातली 3 माणसं आता हयात पण नाहीत.

3 जून 2020 ला मी इथे सहाव्या मजल्यावर वर्क फ्रॉम होम. आमच्या गल्लीत दोन गुलमोहर पडले, खिडक्या धडधडल्या, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लोक लिहायला लागले की एवढंच होतं का वादळ, उगाच घाबरवलं. आणि इकडे मी दुपारी साडेबारापासून बाबांना फोन लावतोय तर लागतच नाहीये. चार दिवस काहीच कळलं नाही. तेव्हा लॉकडाऊन, जिल्हा बदलायचा म्हणजे ई-पास, तो मिळाला आणि पाचव्या दिवशी पोचलो. म्हसळ्याच्या पुढे रस्त्यावर झाडं कापून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट केलेली.

खरं सांगतो, घर ओळखलंच नाही मी, पुढे निघून गेलो होतो. कारण आमचं घर रस्त्यावरून कधी दिसायचंच नाही. मागच्या दारी दुपारी बाराला ऊन मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाबा ओटीवर बसून पडलेल्या झाडांच्या हिरव्या सुपाऱ्या टोपलीत गोळा करत होते, म्हटलं बाबा ह्याचं काय करणार, तर म्हणाले हाताला काम नको का. 310 पोफळी (सुपारीची झाडं) आणि 22 माड (नारळाची) होते, उभे राहिले 41 आणि 9. विहिरीवरचं जायफळ मुळापासून उपटून विहिरीत. लाइट यायला महिना उलटून गेला. आजी म्हणायची असल्या मेल्याला निसर्ग नाव कोणी ठेवलं (बांगलादेशने ठेवलं होतं, नवीन यादीतलं पहिलंच नाव, पण ते तिला काय सांगणार).

2021 च्या पावसात 150 रोपं लावली, त्यातली 60 जगली असतील. आता बाबा 74 चे, शिंपणं होत नाही. नौपाड्याचे काका म्हणतात विकून टाकू, एक पार्टी आलीय, बंगल्यासाठी जागा बघतेय. बाबा काहीच बोलत नाहीत, हेच जास्त त्रासदायक आहे.

तर प्रश्न दोन. ज्यांनी परत वाडी लावली त्यांचं खरंच काय झालं? आणि दुसरं, वादळातून वाचलेल्या 41 पैकी 8-10 पोफळींच्या बुंध्याला एका बाजूने पिवळे डाग पडून आता उभी चीर गेलीय, ही कसली भानगड?

हिशोबी_खारघर

भावना बाजूला ठेवून आकडे बघ. आधीच्या नियमाने फळबागेला सरकारी नुकसानभरपाई हेक्टरी 18 हजार मिळत होती, निसर्गनंतर ती 50 हजार केली, दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला मस्त. पण कोकणात हेक्टर आहे कोणाकडे, सगळ्यांच्या वाड्या गुंठ्यात. 20 गुंठे म्हणजे 10 हजार रुपये. मग बोंब झाल्यावर झाडावर हिशोब आला, सुपारीला 50 रुपये आणि माडाला 250. तुझी 269 पोफळी आणि 13 माड गेले म्हणजे साडेतेरा हजार अधिक सव्वातीन हजार, सतरा हजाराच्या आत. झाड कापून बाहेर काढायला कटरवाल्याने त्याच्यापेक्षा जास्त घेतले असतील.

आता लावलंस तर पोफळ धरायला 5 ते 7 वर्षं, बाणवली (उंच जातीच्या) माडाला तेवढीच किंवा जास्त. तोवर गडी, पंप, खत, माकडं. वीक, पैसे बाबांच्या नावावर टाक, विषय संपला.

पोफळीची_पोर

हिशोबी भाऊ, आकडे बरोबर आहेत तुमचे, पण रोपं लावली आणि सहा वर्षं नुसतं बघत बसलं असं नसतं हो.

माझं माहेर दिवेआगर, सासर ठाण्यात वर्तकनगर. आमची वाडी म्हणजे 12 गुंठे, 7 पोफळी उरल्या होत्या, सात! आई त्या वर्षी वाडीत पाऊल टाकायला तयार नव्हती, मागचं दारच बंद करून ठेवलं तिने. आम्ही पण पहिल्या वर्षी तुमचीच चूक केली, जून महिना बघून घाईघाईने रोपं लावली. वर सावली कुठाय? पोफळीच्या पोराला पहिली दोन-तीन वर्षं डोक्यावर सावली लागते, ती आधी मोठ्या झाडांची आपोआप मिळायची म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही की ती लागते. एप्रिलमध्ये सगळी पानं करपली. वर पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून गेलं, ते गुजरातला धडकलं पण जाता जाता आमची सावलीसाठी बांधलेली हिरवी जाळी उडवून शेजारच्यांच्या कौलावर टाकून गेलं.

मग दुसऱ्या वर्षी आधी केळी लावल्या. नुसत्या केळी. शेजारी हसले, म्हणाले सुपारीची वाडी मोडून केळीचं बन करतायत. केळी डोक्याएवढ्या झाल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं, दीड वर्षाची घेतली, बारकी नाही. आणि केळीचे घड बोर्लीच्या बाजारात आणि आमच्याच घरगुती खानावळीत संपायचे, त्यातून गड्याचा पगार निघायचा. मधल्या जागेत दालचिनी लावली, त्याला तर सावली-ऊन दोन्ही चालतं. आता 90 पोफळी आहेत, गेल्या वर्षी 6 झाडांना पहिली शिपुटं (सुपारीचे घोस) आली. असोली (सालासकट) सुपारी एक टोपलीभर झाली असेल फक्त, आईने ती विकली नाही, देवापुढे ठेवली आणि मग आळीत प्रत्येक घरी पाच-पाच वाटली.

श्रीवर्धनला विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, रोपांसाठी आधी तिथे विचारा. पडलेल्या वाड्यांमधून जो तो मिळेल ते रोप विकत होता तेव्हा, आमची पहिली शंभर तशीच कुठलीतरी होती.

आणि एक विचारू का, बाबा बोलत नाहीत म्हणता, तुम्ही त्यांना विकायचं का असं विचारलंत की परत लावायचं का असं विचारलंत?

दिवाळे_खाडी

आम्ही दिवाळे गावचे कोळी, वाडी-बिडी नाय आमच्याकडे, पण आत्ते दिली श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात म्हणून लिहितो.

2009 ला फयान वादळ आलं तेव्हा नोव्हेंबर महिना, बोटी बाहेर होत्या, रत्नागिरीकडची किती माणसं परत आली नाहीत. निसर्गच्या वेळी दोन दिवस आधी माहीत होतं, बोटी किनाऱ्याला, माणसं शाळेत. आत्तेच्या घराचे सगळे पत्रे गेले, एक पत्रा दोन आळ्या सोडून देवळाच्या पाठी सापडला, पण माणसं सगळी जागेवर. तिच्या मते तेच खरं. आम्ही इथून टेम्पो भरून ताडपत्र्या, तांदूळ, मेणबत्त्या नेल्या, तेव्हा ताडपत्री सोन्याच्या भावात होती. तिथे पोचलो तर आत्ते विचारते, जाळी शिवायचा दोरा आणलास का. तांदळाचं नावच नाय काढलं.

तुमच्या वाडीचं मला कळत नाय. पण बंगलेवाला आला की आधी कुंपण घालतो आणि मग समुद्राकडे जायची पायवाट बंद होते, हे आमच्याकडे बघितलंय. तुमच्या जागेतून गावाची वाट असेल तर कागदावर लिहून घ्या.

निवृत्त_पण_रिकामा_नाही

कृषी खात्यात तीस वर्षं काढली, आता नेरूळला नातवंडं सांभाळतो. चिरेच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितोय.

तो रोग नाही, तो उन्हाचा चटका आहे. तुमच्या डागांची बाजू बघा, बहुतेक नैर्ऋत्येची असेल, म्हणजे दुपारनंतरचं ऊन जिकडून येतं ती. पोफळीची साल आयुष्यभर सावलीत वाढलेली असते, शेजारची झाडं एका दिवसात गेली आणि ती उघडी पडली. आधी सोनेरी पिवळा डाग, मग तपकिरी, मग उभी चीर, आणि पुढच्या जोरदार वाऱ्यात झाड बरोबर त्याच जागी मोडतं. म्हणजे वादळाने मारलेली काही झाडं पाच वर्षांनी पडतात असं समजा. उपाय साधा आहे, बुंध्याला झाप (माडाची विणलेली झावळी) किंवा पोफळीच्याच विऱ्या (पानाच्या देठाची रुंद सालं) बांधायच्या नाहीतर चुना लावायचा, आणि त्या बाजूला केळ किंवा लवकर वाढणारं काहीतरी. ज्यांना मोठी चीर गेलीय ती वाचणार नाहीत, घरावर पडतील अशी असतील तर आधीच उतरवा.

दुसरं, माडांचे पडलेले ओंडके आणि बुडखे अजून वाडीत पडलेत का? निसर्गनंतर लोकांनी ते कुंपणाला रचून ठेवले, आणि कुजक्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. तिथे तयार झालेला भुंगा तुमच्या उरलेल्या 9 माडांच्या शेंड्यात शिरतो. शेंड्याची पानं कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसत असतील तर तोच. ओंडके बाहेर काढा किंवा फोडून जाळा, शेणाच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी टाका, अळ्या मरतात.

आणि कोणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो, एवढी झाडं का पडली. तिथे आधी वारा जमिनीकडून आला, मग डोळा वरून गेला तेव्हा काही वेळ शांत झालं, लोक बाहेर येऊन बघायला लागले, आणि मग समुद्राकडून उलटा वारा. पोफळ आणि माड दोघांनाही सोटमूळ नाही, वरवरची तंतुमुळं. पहिल्या वाऱ्याने एका बाजूने सैल झाली, दुसऱ्याने उपटली.

घणसोलीचा_पाहुणा

काका, आत्ता बाबांना फोन केला. डाग समुद्राच्या बाजूलाच आहेत, देवळाच्या दिशेला, म्हणजे नैर्ऋत्यच झाली. आणि ओंडके पण आहेत!! कुंपणाला आम्हीच हौसेने रचले होते, मस्त दिसतात म्हणून फोटो पण काढले होते. डोळा गेल्याचं बाबांना पण आठवतंय, ते म्हणाले मधल्या शांततेत मी गोठ्यातून वासरू सोडून घरात आणलं, नाहीतर गोठ्याबरोबरच गेलं असतं. हे त्यांनी पाच वर्षांत मला सांगितलं नव्हतं.

ताई, तुमचं बरोबर आहे, मी नेहमी विकायचं का असंच विचारलं. आज उलटं विचारलं तर दहा सेकंद काहीच नाही आणि मग म्हणाले केळी कुठल्या लावल्या त्यांनी ते विचार.

हिशोबी_खारघर

मग झालं, हरलो मी. पण 11 नावांचं काय करणार? नुकसानभरपाईच्या वेळी सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करताना काय झालं ते आठव. उद्या वाडी उभी राहिली की ठाण्याचे, पुण्याचे सगळे हिस्सेदार नारळ न्यायला येतील आणि शिंपायला तुझे बाबाच.

घणसोलीचा_पाहुणा

हा मुद्दा खराय. तेव्हा एक चुलत काका सहीच करेनात, पैसे अडकून पडले ते पडलेच. ह्यावेळी आधी वारस नोंदी करून घेतो, तलाठ्याकडे मेलेल्या माणसांची नावं तशीच आहेत. नौपाड्याच्या काकांना म्हटलंय की तुम्हाला विकायचा असेल तर तुमचा हिस्सा आम्हालाच द्या, भाव जो असेल तो हप्त्याने. ते विचार करतो म्हणालेत, काकू पाठीमागून जायफळाचं लोणचं म्हणत होती ते ऐकू आलं, म्हणजे बघू.

पोफळीची_पोर

केळी आम्ही गावठीच लावल्या, सफेद वेलची, ती वाऱ्याला बऱ्यापैकी टिकते आमच्याकडे आणि पर्यटकांना पण आवडते. मुनवे (केळीच्या बुडाशी फुटणारी रोपं) आमच्याकडे भरपूर आहेत, बाबांना म्हणावं येऊन घेऊन जा, पैसे नकोत. फक्त सकाळी नऊच्या आत या, नंतर आई वाडीत असते आणि ती सापडली तर चहा पिऊन, प्रत्येक झाड दाखवून मग सोडते, दुपार होते.

घणसोलीचा_पाहुणा

मग आम्ही दहालाच येतो. शनिवारी पहाटे घणसोलीहून निघतो, बाबांना गावातून उचलून तुमच्याकडे. आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, बुंध्याला लावायचा चुना इथून एपीएमसीकडून न्यावा की बोर्लीत मिळतो, गेल्या वेळी पोतं डिकीत फुटलं होतं आणि बायको अजून बोलते त्याच्यावरून.