सिरॅमिकचा खुबा: जास्तीचे पैसे टिकाऊपणाचे, की नावाचे?

रानजाई
भाऊ ४२ वर्षांचा. एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून हाड मरतं तो आजार) मांडीच्या हाडाचा गोळा ढासळलाय, खुबा बदलणं ठरलंय. हातात दोन कोटेशनं आहेत: सिरॅमिक बॉल आणि प्लास्टिकचा लायनर (बॉल ज्या कपात फिरतो त्याचं अस्तर), किंवा दोन्ही सिरॅमिक. दुसरं बरंच महाग, वर "आयुष्यभर बघायला नको" हे तोंडी. मला ही निव्वळ भुरळ वाटते. २००१ मध्ये फ्रान्समधल्या कंपनीचे झिरकोनिया या सिरॅमिकचे बॉल फुटायला लागले म्हणून परत मागवले होते. कशामुळे, तर भाजायची भट्टी बदलली! शेवटी कपबशीच ती.

लेथवाला
कपबशी? ताई, ते बॉल झिरकोनियाचे होते. आजचा गुलाबी बॉल मुख्यतः दुसऱ्या सिरॅमिकचा, अ‍ॅल्युमिनाचा, त्यात झिरकोनियाचे बारीक कण. तडा सरकायला लागला की ते कण फुगतात आणि त्याला जागीच आवळतात. हा बॉल फुटणं फारच क्वचित. खरा शत्रू झीज. जुन्या प्लास्टिकच्या कपांचा भुगा व्हायचा, त्या भुग्यामागे लागून शरीर आपलंच हाड खायचं आणि कप हलायचा. सिरॅमिकवर सिरॅमिक झिजतं नगण्य. ४२व्या वर्षी दोन्ही सिरॅमिकच घ्यावं.

काकडा
जुन्या प्लास्टिकचं भूत किती दिवस नाचवणार? नव्वदच्या दशकाअखेरीस क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन हे नवं प्लास्टिक आलं, त्याची झीज कितीतरी कमी. माझे दोन्ही भाग सिरॅमिक, नववं वर्ष. दुखत नाही. पण पंगतीतून उठताना कर्र वाजतं, शेजारचा पानातून मान वर करून बघतो. कप जरा तिरका बसलाय म्हणे. सिरॅमिक लायनर असा तिरकेपणा पोटात घालत नाही.

लेथवाला
आवाज आला म्हणजे बिघडलं असं नाही.

काकडा
नाही ना. पण एक्स-रे काढून खात्री करायचा खर्च माझाच.

चिंचोका
ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. दोघेही सामानावर भांडताय, मी सर्जनच्या हातावर बोलते. बॉल ठोकण्याआधी स्टेमचं (मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याचं) टोक पुसून कोरडं करतात. तिथे हाडाचा कण राहिला तर सगळा भार एका जागी येतो. सिरॅमिक दाबणं सोसतं, ताणणं नाही. आणि फुटलंच, तर बदलून धातूचा बॉल घालू देऊ नका. आत उरलेले तुकडे त्याला कानशीसारखे घासतात. जर्मनीत मारबुर्गला असाच एक ५५ वर्षांचा पेशंट पोचला: हृदय निकामी होत चाललेलं, दृष्टी आणि ऐकू येणं जवळजवळ गेलेलं. कारण धातूच्या बॉलमधून रक्तात उतरलेलं कोबाल्ट. २०१४ च्या लॅन्सेटमध्ये आहे ती केस.

रानजाई
बरं, कपबशी मागे घेते. पण भाऊ तबला वाजवतो, रोज तास-दोन तास मांडी घालून.

काकडा
हे आधी सांगायचं होतंत! मांडीत स्टेमची मान कपाच्या कडेला टेकू शकते. सिरॅमिक बॉल, प्लास्टिक लायनर.

लेथवाला
कप नीट बसला तर नाही टेकत. माझं मत तेच.

चिंचोका
मांडीचं सर्जनना आत्ताच सांगा, कपाचा कोन ठरवायच्या आधी. आणि कुठलंही घ्या, खोक्यावरची लॉट नंबरची स्टिकरं डिस्चार्जच्या फाइलला लावून घ्या. पंधरा वर्षांनी सर्जन पहिलं तेच विचारतो.